खालच्या ओळीची चिन्हं

आमच्या पिंपळवंडीतली शालन बीजगणितातल्या एक्सला ‘त्यो’ म्हणते आणि वायला ‘ती’. “त्यो घावला बाई, आता तिला काढायची,” असं म्हणत ती पदराने कपाळ पुसते, तेव्हा नवख्या माणसाला वाटतं की विहिरीत कुणीतरी पडलंय. तसं काही नसतं. साठीला टेकलेली ही बाई माझ्या ओट्यावर बसून एकसामयिक समीकरणं सोडवत असते.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सगळं गाव हसून झालंय, तिची सूनही हसून झालीय. मी हसणाऱ्यांत नाही. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पोरं विचारायची, “बाई, हे परीक्षेला येणार का?” निवृत्त होऊन घरी बसल्यावर मला पहिल्यांदा अशी विद्यार्थिनी भेटली, जी विचारते, “पण का?” तिला कुणी वेडी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात काठी होती आणि काखेत दहावीचं गणिताचं पुस्तक. काठीचं काही नवल नव्हतं. बिबट्या झाल्यापासून उसाच्या कडेने एकटं चालायचं तर काठी लागतेच. पुस्तक मात्र मला नातवाचं वाटलं.

“नातू आजून आंगणवाडीत हाय,” ती म्हणाली. “ह्ये माझं हाय. सतरा नंबरचा फारम भरला व्हता. मराठी निघालं, हिंदी निघालं, टीव्हीच्या किरपेनं इंग्लिशबी निघालं. गणित तेवढं आडून बसलंय.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. मी विचारलं, “या वयात कशासाठी गं, शालन?”

“हौस,” ती म्हणाली आणि पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. या एका शब्दावर तिने मला पुढे बरेच दिवस झुलवत ठेवलं.

बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतल्या समीकरणांचं. दोन अनोळखी संख्या, त्यांच्याबद्दल दोन विधानं, आणि त्यावरून त्या ओळखायच्या. सरळ मामला आहे. निदान शालन येईपर्यंत सरळ होता. मी पहिलं शाब्दिक उदाहरण वाचलं, ‘पाच वर्षांपूर्वी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या सातपट होते.’

“सांगतंय कोण ह्ये?” शालनने विचारलं.

“कुणीही सांगू दे.”

“आसं कसं? बापानं सांगितलं का पोरानं? आन् सरळ वय सांगाया त्याच्या तोंडाला काय झालंय? रेशनच्या दुकानात आसं सांगितलं तर उचलून भाईर टाकतील, राव.”

मी पुढच्या उदाहरणाकडे वळले. एक नाव प्रवाहाच्या दिशेने जाते आणि विरुद्ध दिशेने परत येते, नावेचा वेग काढा. यावर शालनने पानावर हात ठेवला. मग म्हणाली, “ह्ये नगं. दुसरं घ्या.” तिचं माहेर आंबेगावच्या डोंगरातलं, डिंभ्याच्या धरणात गेलेलं. नावेच्या उदाहरणाला आम्ही पुन्हा हात लावला नाही.

दोन अंकी संख्येवर मात्र रण माजलं. ‘अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या’ एवढं मी वाचते न वाचते तोच तिने पुस्तकावर हात आपटला.

“कुणाला इचारून केली अदलाबदल?”

“शालन, ते अंक आहेत.”

“आसूं द्यात. चाराला इचारलं व्हतं का? तो बिचारा फुडं हुबा व्हता, त्याला उचलून मागं टाकला.”

‘एक्स मानू’ म्हटलं तरी तिची हरकत. “न बघता न सवरता कुणाला मानायचं न्हाई, आसं ठरवलंय मी आता.” माझ्या तासाला पोरं खोकायची परवानगी मागायची, तिथे ही बाई ओळीओळीला मला अडवायची. मी चिडायचे, खडू टाकून उठायचे, आत जाऊन चहा टाकायचे आणि दोन कप घेऊन बाहेर यायचे. खरं सांगते, मला तिची चटक लागली होती. ज्या दुपारी ती यायची नाही त्या दुपारी मला चहा गोड लागायचा नाही.

एकदा मंचरहून एक मोबाइलवाला तिला शोधत आला. “आज्जी, तुमच्या जिद्दीची प्रेरणादायी गोष्ट सांगा ना,” म्हणाला आणि मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. शालनने मान वर न करता विचारलं, “तुझ्या घरी धुणं कोण धुतं?”

“आई.”

“मग जा, आज तू धू. लई प्रेरणा येईल तिला.”

तो पुन्हा आला नाही. अशी ती. तिची कीव करायला किंवा कौतुक करायला जे कुणी आलं, त्याला तिने त्याच पावली परत लावून दिलं.

पण आमचं खरं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मी ओट्यावर खडूने दोन समीकरणं लिहिली. एकाखाली एक.

3x + 2y = 18
3x − y = 9

“हे बघ,” मी म्हटलं, “दोन्हीकडे 3x आहे. वरच्यातून खालचं वजा केलं की एक्स जातो आणि वाय एकटा सापडतो. फक्त वजा करताना खालच्या ओळीची सगळी चिन्हं बदलायची. अधिकचं वजा, वजाचं अधिक.”

शालनचा खडू थांबला. “खालचीचीच का?”

“खालची वजा करतोय म्हणून.”

“आन् वरची?”

“वरची आहे तशीच ठेवायची.”

“वा रं वा! वरचा ऐटीत हुबा, आन् खालचीनं आल्या आल्या आपलं समदं बदलायचं?”

“अगं, पद्धत आहे ती.”

“मलाबी पद्धतच म्हणले व्हते,” ती पुटपुटली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तिने चिन्ह बदललंच नाही. 3x ला 3x ने काट मारली, अठरातून नऊ वजा केले, कारण नवाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण वजा वायला तिने हात लावू दिला नाही. तो होता तसाच 2y मध्ये मिळवला. वाय आला नऊ आणि एक्स आला शून्य.

“आता ताळा कर,” मी म्हटलं. आलेलं उत्तर परत समीकरणात घालून पाहणं म्हणजे ताळा. माझा शाळेतला दंडकच होता, ताळा केल्याशिवाय गणित सुटलं म्हणायचं नाही, आणि ताळा दोन्ही ओळींत करायचा.

तिने वरच्या ओळीत उत्तर घातलं. बरोबर अठरा आले. “बसलं की!”

“खालच्या ओळीत घाल.”

खालच्या ओळीत वजा नऊ आले. हवे होते नुसते नऊ.

“नाही बसलं,” मी म्हटलं. “चूक.”

“वरच्याला बसलं ना? मग झालं. खालचीला कोण इचारतंय?” हसत म्हणाली ती, पण खडू इतक्या जोरात टेकवला की त्याचे दोन तुकडे झाले.

पुढचे कितीतरी दिवस आमचं हेच चाललं. मी समजावलं, रागावले, शपथा घातल्या. ती सगळं ऐकून घ्यायची आणि खालच्या ओळीतला वजा वाय होता तसाच ठेवायची. शेवटी एका दुपारी मी हात टेकले. “बरं बाई, नको बदलूस खालचीची. वरचीची बदल. खालच्यातून वरचं वजा कर. उत्तर तेच येतं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतके दिवस हे लपवूनच ठेवलं होतं. “खरंच?”

“गणितात खोटं बोलून मला काय मिळणार?”

तिने वरच्या ओळीखाली चिन्हं बदलून लिहिली. खालची जशीच्या तशी. वाय आला तीन, एक्स आला चार. मी सांगायच्या आत तिने ताळा केला. वर अठरा, खाली नऊ.

“दोनीकडं बसलं,” ती हळू आवाजात म्हणाली.

त्या दिवसापासून शालनने शेकड्यांनी गणितं सोडवली असतील. सगळी वरच्या ओळीची चिन्हं बदलून. खडू हातात घेतला की आधी वरच्या ओळीला बजावायची, “घ्या पावणं, तुमीबी बदला जरा.” चहाला उकळी फुटायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं, ताळ्यासकट.

आता ही पास होणार, असं मी छातीठोकपणे गावात सांगून बसले. मार्चचा निकाल लागला आणि शालन गणितात नापास. पावसाळ्यात पुरवणी परीक्षा झाली. तिच्यातही नापास. पुढच्या मार्चलाही तेच. बीजगणिताचा पेपर जवळजवळ कोरा.

“काय झालं गं?”

“सुचलंच न्हाई, बाई.”

न सुचायला काय झालं होतं? माझ्या ओट्यावर जिला सगळं सुचत होतं तिला! दूध डेअरीवर माणसं बोलायला लागली, “बाईंच्या हाताखालून गेली तरी गत तीच.” मला कुणी काही बोललेलं मी ऐकून घेत नाही. पण त्याहून मला वेगळ्याच गोष्टीने छळलं. पेपरच्या दिवशी शालन हिरवी जरीची साडी नेसायची, केसांत फूल माळायची, बांगड्या भरायची आणि माहेरपणाला निघाल्यासारखी घरातून निघायची. यायची तीही तशीच, हसत. रडत नापास होणारी पोरं मी ढिगाने पाहिली. इतक्या आनंदाने नापास होणारी ही एकच.

म्हणून मग यंदा मार्चमध्ये मी तिच्याबरोबर गेले. नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही.

केंद्र आळेफाट्याजवळच्या एका शाळेत होतं. फाटकाशी कॉपी तपासायला एक तरुण शिक्षिका उभी होती. मुलींची रांग. एकेकीचं हॉलतिकीट हातात घ्यायची, नाव मोठ्याने वाचायची, पाऊच चाचपायची आणि आत सोडायची. वेण्या घातलेल्या पोरींच्या मध्ये शालन हिरव्या साडीत ताठ उभी होती. तिचा नंबर आला. शिक्षिकेने मान वर न करता वाचलं, “यमुना धोंडू... ये बाळ, पुढे ये.”

मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचं तिकीट आलं.

“हजर, बाई!” शालन म्हणाली. आवाज शाळकरी पोरीचा.

शिक्षिकेने वर पाहिलं आणि गोंधळली. “अगं बाई, तुम्ही का? या, या.”

शालन हलली नाही. “नाव एकदा परत वाचून घ्या, बाई. मागनं घोटाळा नगं.”

त्या भल्या मुलीने परत वाचलं. शालनने सगळं नाव शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग आत गेली.

पेपर सुटल्यावर मी तिला समोरच्या रसवंतीत नेऊन बसवलं. उसाचा रस पुढे आला, तरी मी ग्लासाला हात लावला नाही. “यमुना कोण?”

शालनने माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासातल्या बर्फाकडे. “मीच की. लगनाच्या आदीची.”

“मग शालन कशी झालीस?”

“सासूचं नावबी यमुनाच व्हतं, बाई. एका घरात दोन यमुना कशा चालत्याल? हाक मारली एकीला आन् ओ दिली दुसरीनं, तर? तुमीच शिकिवलं ना, दोघांना एकच आक्षर दिलं तर गणित सुटत न्हाई. म्हणून ती एक्स ऱ्हायली आन् मला वाय केलं. ताटातल्या तांदळावर आंगठीनं नाव लिवलं, शालिनी. मी वाकून बघितलं. म्हणलं, ही कोण?” ती हसली. “मला कुणी इचारलं न्हाई. पद्धत हाय म्हणले.”

रसवंतीचे घुंगरू वाजत होते.

“माहेरात व्हते की मी यमुना. पर माहेर पाण्यात गेलं, माणसं चहूकडं पांगली. आई व्हती तवर यमे म्हणायची. ती गेली. मग सासूबी गेली. तवा मी पाव्हण्यारावळ्यांम्होरं म्हणलं, आता म्हातारीचं नाव मोकळं झालंय, माझं मला माघारी द्या. समदी हसली, बाई. ह्येबी हसले.”

“आणि तू?”

“मी हसले न्हाई आन् रडलेबी न्हाई. गेले घोडेगावला, नववीपतूर शिकले व्हते त्या शाळंत. दाखला काढला. त्यात आजून यमुनाच हाय. आन् भरला सतरा नंबरचा फारम. घरच्यांनी बदललं, गावानं बदललं, पर बोर्डानं न्हाई बदललं माझं नाव. वरसातनं दोनदा मला तिथं हाक मारत्यात.”

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “आणि पास झालीस तर...”

“तर पुन्हा कोण बोलवणार? म्हणून येतंय तेवढं सोडून देते.” ती ग्लास रिकामा करून म्हणाली, “तुमचं नाव खराब झालं, तेवढं वाईट वाटतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. माणसाला स्वतःचं नाव ऐकायला नापास व्हावं लागतं, म्हणजे काय? “आजपासून मी तुला यमुना म्हणणार,” मी म्हटलं.

“म्हणा की. पर तुमच्या एकलीच्या म्हणण्यानं काय हुतंय? एका समीकरणानं कुठं काय निघतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या नवऱ्याला गाठलं. किसनभाऊ टोमॅटोची बांधणी करत होते. एकेक झाड सुतळीने तारेला बांधायचं आणि पुढे सरकायचं. माणूस सज्जन, पण बोलायचं काम नाही. त्यांचा आवाज कसा आहे हे अर्ध्या गावाला माहीत नसेल.

“किसनभाऊ, बायकोला हाक काय मारता?” मी बांधावरूनच विचारलं.

“हाक?” ते गोंधळले. “हाक कशाला मारायची? ती हितंच आसती.”

“आणि नसली तर?”

“नसली तर येती की माघारी.”

मग मी सुरू झाले. रसवंतीत ऐकलेलं सगळं सांगितलं, माझ्या पदरचेही चार शब्द घातले. “तुमच्या आई जाऊन इतकी वर्षं झाली. एक नाव परत द्यायला तुमचं काय जातं? ती मागत होती तेव्हा हसलात कसे तुम्ही?”

त्यांनी एक झाड बांधलं, मग दुसरं. मी आणखी तिखट शब्द जुळवत होते तेवढ्यात ते खाली बघतच म्हणाले, “आईचं नाव हाय त्ये, बाई. आईला आमी जल्मात नावानं हाक मारली न्हाई. आता बायकूला म्हणू, यमे, च्या टाक? रागाच्या भरात म्हणू, यमे, तुला अक्कल हाय का? आईलाच बोलल्यावानी हुईल. जीभच उचलत न्हाई. त्या दिशी काय करावं सुचंना, म्हणून हसलो.”

मी जुळवलेले शब्द तसेच राहिले. मी शालनचं तेवढं समीकरण घेऊन भांडायला आले होते. हे दुसरं या माणसाने कुणाला कधी दाखवलंच नव्हतं. आणि तेही खोटं नव्हतं. आता उत्तर असं पाहिजे की जे दोन्हीकडे बसेल, आणि मला जन्मभर गणित शिकवून ते सापडेना.

“तुमचंही खरं आहे,” मी म्हटलं. “पण तिचंही खरं आहे. बघा तुम्हीच काय ते.” आणि फणकाऱ्याने निघून आले. फणकारा कुणावर होता, मलाही कळलं नाही.

मार्चचा निकाल लागला. शालन ठरल्याप्रमाणे नापास झाली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म तिने भरला आणि आम्ही पुन्हा ओट्यावर बसलो. मी तिला यमुना म्हणायचे, ती ओ द्यायची, पण पास हो असं म्हणायला माझी जीभ धजेना. किसनभाऊ भेटले की मान हलवून पुढे जायचे.

पेपरच्या सकाळी तिचं पाऊच मीच भरलं, दोन पेनं लिहून पाहून आत ठेवली. पावसाने एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून किसनभाऊ तिला मोटारसायकलवरून घेऊन निघाले. मी जीपने त्यांच्या आधी पोचले. फाटकाशी ती तरुण शिक्षिका नव्हती. खुर्चीवर एक त्रासलेले गृहस्थ बसले होते, छत्री सांभाळत. हॉलतिकिटावर नुसती नजर टाकायचे आणि हात हलवायचे. “चला, चला, आत चला.”

हिरवी साडी, केसांत फूल, शालन त्यांच्यापुढे उभी राहिली. तिकीट पुढे धरलं. त्यांनी पाहिलं न पाहिलं केलं. “जा आत.”

“नाव...” शालन म्हणाली.

“बरोबर आहे नाव. जा आज्जी, गर्दी करू नका.”

मी तिला इतकी वर्षं ओळखते. कुणासमोर तिचं तोंड कधी बंद झालं नव्हतं. त्या वेळी झालं. ती फाटकातून आत गेली, पण पाय ओढत. फूल माळून आलेली बाई एकदम म्हातारी दिसायला लागली. मी त्या गृहस्थांशी भांडायला पाऊल उचललं.

“यमुनाबाई!”

रस्त्याच्या पलीकडून हाक आली. मला आवाज ओळखू आला नाही. सगळं फाटक वळून बघायला लागलं. समोरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानापुढे किसनभाऊ पावसात उभे होते, टोपी भिजलेली, हात उंच केलेला, हातात एक पेन.

“ओ यमुनाबाई! पेन ऱ्हायलं तुमचं!”

यमुनाबाई. तुमचं. आईचं नाव त्यांनी जमिनीवर पडू दिलं नव्हतं आणि बायकोचं तिला दिलं होतं. मी त्या छत्रीवाल्या गृहस्थांसमोर तशीच उभी राहिले, भांडायचं विसरून.

शालन आतून परत आली. रस्ता ओलांडून नवऱ्यासमोर उभी राहिली. “काय म्हणलात?”

“पेन म्हणलं.”

“त्याच्या आदी.”

किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं. “यमुनाबाई म्हणलं.”

“परत म्हणा.”

“आता किती येळा?”

“ताळा करायचाय,” ती म्हणाली.

“यमुनाबाई,” ते म्हणाले. या वेळी हळू, आणि तिच्याकडे बघून.

तिने पेन घेतलं आणि फाटकातून आत गेली. खुर्चीवरच्या माणसाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

ती पास झाली, हे इथेच सांगून टाकते. काठावर झाली, पण झाली, आणि डेअरीवर जाऊन ते मी स्वतः सांगितलं. त्या दिवशी मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. किसनभाऊ आणि मी रसवंतीच्या पत्र्याखाली बसलो होतो. पेपर सुटला. पोरी भराभरा बाहेर आल्या, सगळ्यात शेवटी ती.

“लिहिलंस?” मी विचारलं.

“समदं लिवलं.”

“वरच्याचीच चिन्हं बदललीस ना?”

“एका गणितात खालचीची बदलली.” तिने नवऱ्याकडे एक नजर टाकली. “म्हणलं, आज वरचा वाकलाय, तर एकदा आपणबी वाकून बघावं. बरुबर आलं उत्तर. दोनीकडं बसलं.”

मग तिने पाऊच उघडलं आणि सकाळचं ते पेन बाहेर काढलं. पेन नवं कोरं होतं. दुकानाचं चिकट लेबलसुद्धा टोपणावर तसंच होतं.

“ह्ये घ्या तुमचं पेन,” ती म्हणाली. “माझ्याकडं दोन व्हती. बाईंनी घालून दिली व्हती.”

“मला ठावं व्हतं,” किसनभाऊ म्हणाले आणि गाडीला किक मारायला गेले.